कलेला सार्वजनिक निधी देणाऱ्या संस्थेच्या संशोधन विभागात उन्हाळी काम : विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कला परिषद, अकादमी, राष्ट्रीय कला निधी, नाव काहीही असो. सरकारी तिजोरीतून आलेला पैसा कलाकारांना आणि कलासंस्थांना अनुदान म्हणून देणाऱ्या संस्था बऱ्याच देशांत आहेत. त्यांतल्या मोठ्या संस्थांकडे संशोधनाचा एक लहानसा विभाग असतो आणि सुटीतल्या दोन-तीन महिन्यांसाठी तिथे विद्यार्थी घेतले जातात. नाटक, संगीत, चित्रकला यांच्या ओढीनं मुलं तिथे जातात आणि पहिल्याच दिवशी पुढ्यात येते ती काही हजार ओळींची एक्सेल फाइल. त्या फाइलीपर्यंत पोचण्याआधी आणि पोचल्यावर जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची ही उत्तरं.

पैसे वाटणाऱ्या संस्थेला संशोधन कशाला लागतं?

पहिलं कारण सरळ आहे : हिशेब द्यावा लागतो. ब्रिटनची आर्ट्स कौन्सिल १९४६ सालची. तिच्या उभारणीत अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचा मोठा वाटा होता. भारतात संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये आली, कॅनडा कौन्सिल १९५७ मध्ये आणि अमेरिकेची नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स १९६५ मध्ये. रचना देशागणिक वेगळी असते. पण ब्रिटन-कॅनडाच्या वळणाच्या संस्थांमध्ये एक दंडक पाळला जातो : पैसा सरकारने द्यायचा आणि तो कोणाला मिळावा या निर्णयापासून मात्र मंत्र्यांनी चार हात लांब राहायचं, निवड कलेतल्या जाणकारांनी करायची. आता मंत्रीच लांब म्हटल्यावर संसद विचारणारच, की पैसा गेला कुठे आणि त्यातून झालं काय?

दुसरं कारण अर्थशास्त्रातलं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या, म्हणजे संगीत, नाटक, नृत्य यांच्या खर्चाबद्दल एक मांडणी केली. चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागत, आजही चारच लागतात आणि वेळही तेवढाच. कारखान्यात मात्र तेवढ्याच माणसांच्या हातून आता कितीतरी पट माल निघतो आणि पगार त्या हिशेबानं वाढत जातात. वादकांना पेशात टिकवायचं तर त्यांचंही मानधन वाढवावं लागतं. वाजवण्याचा वेग मात्र वाढवता येत नाही. त्यामुळे तिकिटांची कमाई आणि खर्च यांतली दरी रुंदावत राहते. सार्वजनिक अनुदानाच्या बाजूनं बोलणारे हा मुद्दा आजही वापरतात, आणि तो आपल्या आकड्यांत कितपत दिसतो हे तपासायला संशोधक लागतो.

तिसरं कारण कुठल्या अहवालाच्या प्रस्तावनेत सहसा सापडणार नाही, पण मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. संस्थेच्या दफ्तरात नोंद असते ती अर्ज करणाऱ्यांची. ज्यांनी अर्जच केला नाही, ते तिच्या दफ्तरात कुठेच नसतात. मग ते आहेत कोण, किती, आणि का आले नाहीत? हा शोध संस्थेला आपल्या फायलींतून घेता येत नाही. त्यासाठी बाहेर बघावं लागतं.

विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमकं काय काम येतं?

बहुतेकदा जुन्या अनुदानांची माहिती साफ करणं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, करतानाही पहिला आठवडा कंटाळवाणंच असतं. पण निम्मं संशोधन इथेच होऊन जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, दहा वर्षांच्या अनुदानांची यादी तुमच्या हातात दिली. त्यात एकाच नाट्यसंस्थेचं नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं : एकदा पूर्ण, एकदा आद्याक्षरांनी, एकदा शेवटी ‘न्यास’ जोडून आणि एकदा तर थेट अध्यक्षांच्या नावानं. संगणकाच्या लेखी या चार वेगळ्या संस्था. मग ‘नव्या अर्जदारांचं प्रमाण वाढतंय’ असा सुखद निष्कर्ष निघतो आणि तो साफ खोटा असतो.

पत्त्यांचं तसंच. संस्थेची नोंदणी राजधानीत झालेली आणि प्रयोग होतात दूरच्या खेड्यांत. नोंदणीच्या पत्त्यावरून नकाशा काढलात तर सगळा निधी राजधानीनं गिळला असं दिसेल. प्रयोगांच्या ठिकाणांवरून काढलात तर वेगळंच चित्र उभं राहील. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर आहेत. कुठला कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे खाली लिहिलं नाही तर दोन्ही फसवे ठरतात.

कलाप्रकारांचे रकाने आणखी गोंधळाचे. एखाद्या वर्षी संस्थेनं वर्गवारी बदललेली असते. आधी ‘नृत्य’ आणि ‘संगीत’ वेगळे होते, मग ‘प्रयोगकला’ असा एकच रकाना झाला, पुढे ‘बहुविध’ म्हणून नवा आला. तक्त्यात नृत्याचा निधी एका वर्षात कोसळलेला दिसतो; प्रत्यक्षात फक्त रकाना बदललेला असतो. असं काही दिसलं की आकडेमोड थांबवा आणि त्या विभागात जुन्या असलेल्या माणसाकडे जा. अनुदानाच्या टेबलावर वीस वर्षं काढलेला कारकून जे दोन मिनिटांत सांगतो, ते फाइलीत कुठेच लिहिलेलं नसतं.

यादीखेरीज अंतिम अहवाल असतात. प्रकल्प संपल्यावर प्रत्येक अनुदानधारक खर्चाचा तपशील आणि कामाचा वृत्तान्त देतो. त्यात ‘प्रेक्षकसंख्या’ हा रकाना असतो. कोणी तिकिटं मोजतं, कोणी खुर्च्या मोजतं, तर कोणी मोकळ्या मैदानातल्या गर्दीवर नजर टाकून एक भरघोस आकडा लिहून मोकळं होतं. शून्यांनी संपणारे आकडे फार दिसू लागले की सावध व्हावं. वृत्तान्ताचा मजकूर वाचून त्यातले मुद्दे वर्गवारीत बसवणं, म्हणजे संशोधक ज्याला कोडिंग म्हणतात ते, हेही विद्यार्थ्यांकडे येतं. तिथे एक पथ्य पाळा : पहिले वीस-पंचवीस अहवाल दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे आणि मग ताडून बघायचे. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे वर्गाची व्याख्याच ढिली आहे असं समजा.

याशिवाय आधीच्या अभ्यासांचं टिपण काढणं, सर्वेक्षणाची प्रश्नावली तपासणं, आलेख काढणं, बैठकीचं इतिवृत्त लिहिणं. ही कामं फुटकळ म्हणून टाळू नका. बैठकीत कोण कुठल्या आकड्याला घाबरतं, हे इतिवृत्त लिहिणाऱ्यालाच कळतं.

मी कलाशाखेचा आहे, सांख्यिकी येत नाही. चालेल का?

चालेल. टक्केवारी, सरासरी आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा) यांतला फरक कळला, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, म्हणजे लांबलचक यादीचा गटवार गोषवारा, करता आलं, तर सुरुवातीला तेवढं पुरतं. अनुदानाच्या रकमांमध्ये दोन-तीन बड्या संस्था इतक्या पुढे असतात, की सरासरी सांगितली तर सगळेच श्रीमंत वाटतात. तिथे मध्यक सांगावा. एवढं उमगलेला साहित्याचा विद्यार्थी कामाचा असतो. आर किंवा पायथन या संगणकभाषा येत असतील तर उत्तमच, पण त्यावाचून काही अडत नाही.

खरी अडचण उलट बाजूनं येते. सांख्यिकीत तरबेज, पण आयुष्यात कधी नाटकाची तालीम न पाहिलेला विद्यार्थी ‘एका प्रयोगामागे सहा महिने काम? ही नोंद चुकीची असणार’ म्हणून ती ओळ उडवून टाकतो. अशांनी आधी एखाद्या नाट्यसंस्थेच्या किंवा वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाशी तासभर बोलावं. खर्च कुठे होतो, पैसे कधी येतात, तालमीची जागा कशी मिळते, हे कळलं की तक्ता वेगळाच वाचता येतो.

‘इतके टक्के लोक कलेत सहभागी होतात’ असे आकडे येतात कुठून? त्यांवर कितपत भरवसा ठेवावा?

सर्वेक्षणांतून येतात. यातलं एक जुनं आणि बरंच अभ्यासलेलं सर्वेक्षण अमेरिकेतलं. नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सनं जनगणना विभागाच्या मदतीनं ते १९८२ मध्ये सुरू केलं आणि काही वर्षांच्या अंतरानं ते होत आलं आहे. प्रश्न साधा असतो : गेल्या १२ महिन्यांत तुम्ही अमुक प्रकारच्या कार्यक्रमाला गेलात का? जॅझ, शास्त्रीय संगीत, ऑपेरा, संगीतिका, नाटक, बॅले आणि कलासंग्रहालय यांपैकी निदान एका ठिकाणी गेलेल्या प्रौढांचं प्रमाण २००२ मध्ये ३९.४ टक्के होतं, २००८ मध्ये ते ३४.६ टक्क्यांवर आलं.

हे वाचून ‘लोकांची कलेची आवड आटली’ असं लिहायला हात शिवशिवतात. थांबा. त्या यादीत काय नाही ते आधी बघा. लोकनृत्य नाही, हिपहॉप नाही, प्रार्थनास्थळातलं गायन नाही, गल्लीतल्या मुलांनी बसवलेलं नाटुकलं नाही, मोबाइलवर ऐकलेलं संगीत नाही. हा आकडा सात ठरावीक गोष्टींच्या हजेरीबद्दल बोलतो, आणि तेवढ्याबद्दल तो अतिशय मोलाचा आहे, कारण तोच प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला आहे. इतर प्रकारांबद्दल त्याच सर्वेक्षणात वेगळे प्रश्न असतात आणि नंतरच्या फेऱ्यांत त्यांचा परीघ बराच वाढवला गेला. पण बातमीत छापून येतो तो सातांचाच आकडा.

त्याच सर्वेक्षणातला वाचनाचा दाखला आणखी बोलका आहे. वर्षभरात कथा, कादंबरी, कविता किंवा नाटक यांतलं काहीतरी वाचलेल्या प्रौढांचं प्रमाण १९८२ मध्ये ५६.९ टक्के होतं, २००२ मध्ये ४६.७ टक्के. त्यावर चिंतेनं भरलेला अहवाल निघाला. २००८ मध्ये प्रमाण ५०.२ टक्के झालं आणि लगेच आनंदाचा अहवाल निघाला. दोन्ही वेळा आकडे खरे होते. पण दोन फेऱ्यांमधल्या फरकावरून समाजाची नाडी तपासायची घाई करू नये, एवढं यातून शिकता येतं. तीन-चार फेऱ्या सलग एकाच दिशेनं जाईपर्यंत ‘कल’ हा शब्द लेखणीतून उतरू देऊ नका.

देशादेशांची तुलना करायला घ्याल तर त्याहून अवघड. ‘संस्कृती’ या नावाखाली काय काय मोजायचं यासाठी युनेस्कोनं १९८६ मध्ये एक चौकट तयार केली आणि २००९ मध्ये ती सुधारली. तरी प्रत्येक देशाची प्रश्नावली वेगळी, वयाची अट वेगळी, कोणी फोनवर विचारतं तर कोणी घरी जाऊन. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून आलेख काढण्याआधी दोन्ही प्रश्नावल्या शेजारी ठेवून वाचा. निम्म्या वेळा आलेख काढायचा बेत तिथेच रद्द होतो, आणि तोही एक निष्कर्षच आहे.

सराव करायला खरी माहिती कुठे मिळेल?

कलाविषयक आकडेवारीचा एक खुला संग्रह मिशिगन विद्यापीठातल्या आयसीपीएसआर या विदाभांडारात आहे. वर सांगितलेल्या सर्वेक्षणाच्या फायली तिथे आहेत. अनेक कला परिषदा दिलेल्या अनुदानांची यादीही जाहीर करतात. एखादी उतरवून घ्या आणि एकच तक्ता बनवून बघा. सर्वेक्षणाची फाइल असेल तर भारांकांचा रकाना शोधा; प्रत्येक उत्तर देशातल्या किती माणसांच्या जागी धरायचं, ते तो सांगतो. तो न वापरता काढलेली टक्केवारी प्रश्नांना उत्तर दिलेल्या माणसांची असते, देशाची नव्हे. विद्यार्थ्यांच्या हातून सर्वाधिक सुटते ती हीच गोष्ट.

अनुदानामुळे काय फरक पडला, हे मी दोन महिन्यांत सिद्ध करू शकेन का?

नाही. विषय म्हणून हाच घेऊन येणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, म्हणून स्पष्ट सांगतो.

अडचण अशी. अनुदान मिळालेल्या संस्था पाच वर्षांनी न मिळालेल्यांपेक्षा चांगल्या स्थितीत दिसतात. पण त्यांना अनुदान मिळालंच मुळी त्या आधीपासून चांगल्या होत्या म्हणून. मग सुधारणा पैशामुळे झाली की ती होणारच होती? ही गाठ सोडवायला निवडीत थोडं तरी दैव असावं लागतं. आयर्लंडनं २०२२ मध्ये कलाकारांसाठी मूलभूत उत्पन्नाची पथदर्शी योजना आखली तेव्हा नेमकं हेच केलं. पात्र अर्जदारांतून सोडत काढून २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो द्यायचे, आणि ज्यांचं नाव निघालं नाही त्यांतल्या १,००० जणांना तुलनेसाठी अभ्यासात ठेवायचं, अशी रचना होती. चिठ्ठीनंच फरक केलेला असल्यानं दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते आणि पुढे दिसणाऱ्या फरकाचं श्रेय पैशाला देता येतं.

नेहमीच्या अनुदानांत सोडत नसते, गुण असतात. तिथे दुसरी एक वाट आहे. समजा, ७० गुणांवर निधी मिळतो. तर ७१ वाला आणि ६९ वाला यांच्यात गुणवत्तेचा फारसा फरक नसतो. एकाला पैसे मिळाले आणि दुसऱ्याला नाही, एवढाच. अशा काठावरच्या अर्जदारांची पुढची वाटचाल ताडून बघता येते. पण त्यासाठी नाकारलेल्यांचा मागोवा ठेवावा लागतो, आणि बहुतेक संस्था तो ठेवत नाहीत.

तेव्हा सुटीत करण्याजोगं काम हे : नाकारलेल्या अर्जदारांबद्दल संस्थेकडे काय काय माहिती आहे याची नीट यादी करा. त्यांतले किती जण पुन्हा अर्ज करतात आणि किती जण पुन्हा कधीच फिरकत नाहीत, एवढं जरी मोजलंत तरी पुढच्या दहा वर्षांच्या संशोधनाचा पाया घातलात.

कलेवर खर्च केलेला पैसा कित्येक पटींनी परत येतो म्हणतात. तसं दाखवणारा अहवाल मला लिहायला सांगितला तर?

लिहा, पण डोळे उघडे ठेवून. नाटकाला आलेला माणूस तिकीट घेतो, गाडी लावतो, बाहेर जेवतो. ते सगळे पैसे कलेनं आणले असं धरलं की गुणक, म्हणजे ‘किती पटींनी परत’ हा आकडा, फुगतो. तो माणूस नाटकाला आला नसता तर सामन्याला गेला असता आणि तिथेही जेवलाच असता. परगावाहून खास त्या कार्यक्रमासाठी आलेला पाहुणा वेगळा मोजावा आणि गावातला वेगळा. हा भेद न करणारे अहवाल भाषणांना उपयोगी पडतात, निर्णयांना पडत नाहीत.

देशाच्या उत्पन्नात कलाक्षेत्राचा वाटा किती, हा वेगळा प्रश्न. अमेरिकेत आर्थिक विश्लेषण विभाग आणि नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स मिळून २०१३ पासून त्याचा स्वतंत्र हिशेब प्रसिद्ध करत आले आहेत. त्यात प्रसारण, प्रकाशन, चित्रपट असे मोठे उद्योगही धरलेले असतात. त्या एकूण आकड्याच्या शेजारी अनुदानाची रक्कम ठेवून ‘एवढ्याशा पैशातून एवढं मोठं क्षेत्र’ असं सुचवू नका. त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागाला अनुदानाचा स्पर्शही झालेला नसतो.

कलाकारांना भेटायला मिळतं का?

कधी कधी. मुलाखतींचं काम असेल तर मिळतं, आणि तिथे फार जपून वागावं लागतं.

तुम्ही स्वतःला विद्यार्थी समजता. समोरचा कलाकार तुम्हाला ‘पैसे देणाऱ्यांचा माणूस’ समजतो. त्याचा पुढचा अर्ज रांगेत असेल तर तो तुमच्यापुढे तक्रार कशाला करील? सगळं छान आहे, अर्जाचा नमुना सोपा आहे, अधिकारी मदत करतात, असंच ऐकू येईल. म्हणून सुरुवातीलाच सांगा, की तुमच्या उत्तरांचा निवडीशी संबंध नाही, निवड समितीला ती दिसणार नाहीत. आणि हे सांगण्याआधी ते खरं आहे याची मार्गदर्शकाकडून खात्री करून घ्या. कुठल्याही परिस्थितीत ‘बघतो, वरती शब्द टाकतो’ असं म्हणू नका; चांगुलपणानं म्हटलेलं हे वाक्य महागात पडतं.

प्रश्न घडलेल्या गोष्टींचे विचारा. ‘अर्जप्रक्रिया कशी वाटली?’ याला ‘बरी होती’ हे उत्तर ठरलेलं. ‘अर्ज भरताना कोणाची मदत घेतली? अंदाजपत्रक कोणी बनवलं? किती रात्री गेल्या?’ असं विचारलंत की माणूस बोलू लागतो. मग कळतं, की अर्ज मित्राच्या मुलीनं लिहिला, लेखापालाला वेगळे पैसे द्यावे लागले, आणि पैसे हातात येईपर्यंत उसनवारीवर प्रयोग केले.

अर्ज न करणाऱ्यांना शोधणं सगळ्यांत कठीण, पण निदान काही मुलाखती त्यांच्यासाठी राखून ठेवायचा आग्रह धराच. त्यांचा पत्ता संस्थेकडे नसतो; तो तालमीच्या जागा भाड्यानं देणाऱ्यांकडे, वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांकडे, ध्वनी-प्रकाशयोजना पुरवणाऱ्यांकडे असतो. ‘आम्हाला असलं काही असतं हेच माहीत नव्हतं’ आणि ‘माहीत होतं, पण ते आमच्यासारख्यांसाठी नाही’ ही दोन उत्तरं वेगवेगळी नोंदवा. पहिल्यावर जाहिरातीचा उपाय चालेल. दुसऱ्यावर नाही.

वेळेचा मोबदला द्यायची सोय आहे का, तेही विचारा. कलाकाराचा तासभर फुकट घ्यायचा आणि कलाकारांच्या तुटपुंज्या कमाईवर अहवाल लिहायचा, हे शोभत नाही.

गोपनीयतेचं एवढं प्रस्थ का असतं?

कारण तुमच्या हाती नाकारलेल्यांची नावं, परीक्षकांचे शेरे, लोकांची उत्पन्नं असतात. माहिती संस्थेच्या संगणकाबाहेर न्यायची नाही, एवढं तर करारातच असेल. करारात सहसा नसतं ते हे : नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नाही. एखाद्या भागात बाहुलीनाट्याचा एकच गट असेल, तर ‘बाहुलीनाट्य, अमुक जिल्हा, नाकारले : १’ या ओळीत नाव छापल्यासारखंच आहे. फार लहान आकडे तक्त्यात झाकायचे किंवा दोन रकाने एकत्र करायचे. मर्यादा किती ते संस्थेच्या नियमात बघा.

आणि तुमचा स्वतःचा गट, तुमचे गुरू, तुमची बहीण अर्जदार असेल तर ते पहिल्याच दिवशी लेखी सांगून टाका. त्यात लपवण्यासारखं काही नाही. नंतर उघड झालं तर मात्र आहे.

अहवाल वाचायला एआयची मदत घेऊ का?

संस्थेनं परवानगी दिलेल्या साधनाखेरीज कुठेही अर्जाचा मजकूर चिकटवू नका. परवानगी असेल तर वर सांगितलेलं पथ्य इथेही लागू : काही अहवाल स्वतः वाचून, वर्गवारी करून, मग यंत्राशी ताडा. यंत्र गुळगुळीत भाषेतला अहवाल चटकन समजतं. अर्धवट वाक्यांतला, बोलीभाषेतला, रागानं लिहिलेला अहवाल त्याच्या हातून निसटतो. आणि वाचायची गरज त्याचीच जास्त असते.

विद्यावेतन मिळतं का?

काही ठिकाणी मिळतं, काही ठिकाणी फक्त विद्यापीठाचे श्रेयांक (क्रेडिट), काही ठिकाणी नुसतं प्रमाणपत्र. अर्ज करतानाच विचारा, संकोच नको. बिनपैशाचं काम तेच करू शकतात, ज्यांचा दोन महिन्यांचा खर्च घरून भागतो. ‘कलेपासून कोण वंचित राहतं’ याचा अभ्यास करणाऱ्या विभागात अशी चाळणी लागावी, यासारखी विसंगती नाही. मुलाखतीत हे बोलून दाखवायचं की नाही, ते तुमच्या धीरावर.

अर्ज कधी आणि कसा करावा?

सुटीच्या चार-पाच महिने आधीपासून संस्थांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवा. दक्षिण गोलार्धात उन्हाळा डिसेंबरात येतो, तेव्हा तिकडचं वेळापत्रक उलटं.

‘मला लहानपणापासून कलेची आवड आहे’ या वाक्यानं सुरू होणारी पत्रं निवड करणाऱ्यांपुढे ढिगानं येतात. त्याऐवजी संस्थेचा शेवटचा वार्षिक अहवाल उघडा, एक तक्ता निवडा आणि त्याबद्दल तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा. उदाहरणार्थ : ‘पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण दिलं आहे, पण त्यांतले किती यशस्वी झाले ते दिलेलं नाही, ती माहिती ठेवली जाते का?’ असं एक वाक्य पानभर आवडीपेक्षा जड भरतं. सोबत लेखनाचा नमुना मागतात; तिथे बारीक छापलेला प्रबंध नको, दोन पानांचं स्वच्छ टिपण द्या.

मुलाखतीत बहुधा एखादा तक्ता पुढे ठेवून ‘यात काय दिसतं?’ विचारतात. दिसतं ते सांगा, आणि काय दिसत नाही तेही सांगा.

घरून काम करता येतं का?

माहिती गोपनीय असेल तर नाही. वाचन-टिपणाचं काम असेल तर बरेचदा हो. पण दोन्हींतून निवडता येत असेल तर कार्यालयात जा. जुना कारकून घरून काम करताना भेटत नाही.

निष्कर्ष संस्थेला अडचणीचा निघाला तर?

निघतो कधी कधी. निम्म्याहून अधिक निधी त्याच त्या ठरलेल्या संस्थांकडे जातोय, असं दिसलं तर ते दडपण्याची इच्छा कोणाला तरी होणारच. तुम्ही आकडा आणि मत वेगळं ठेवा. ‘निधीचा इतका वाटा इतक्या संस्थांकडे गेला’ हे विधान तपासून घेता येतं. ‘ही मक्तेदारी आहे’ हे तुमचं मत. मोठ्या वाद्यवृंदाचा किंवा राष्ट्रीय नाट्यगृहाचा खर्चच मोठा असतो, हे दुसऱ्याचं मत. आकडा अहवालात हवाच. मत हवं की नको, ते मार्गदर्शकाशी बोलून ठरवा. आकडा कसा काढला त्याची पायरी न् पायरी लिहून ठेवली असेल, तर तो सहजासहजी कोणाला पुसता येत नाही.

माझं नाव येईल का? मला हे काम प्रबंधात वापरता येईल का?

नाव बहुधा ऋणनिर्देशात येतं. प्रबंधासाठी लेखी परवानगी लागते आणि ती काम सुरू होण्याआधी मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त. जाहीर झालेली माहिती वापरायला कोणाची ना नसते.

पुढे याच क्षेत्रात नोकरी मिळेल?

जागा मोजक्याच आहेत. एका कला परिषदेच्या संशोधन विभागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं असणं हे नेहमीचंच. पण विस्कळीत नोंदी लावणं आणि रकान्यामागचा माणूस ओळखणं ही कामं आरोग्य, शिक्षण, नगरनियोजन अशा कुठल्याही सार्वजनिक खात्यात लागतात.

सुटी संपली आणि काम अर्धंच राहिलं तर?

राहतंच. म्हणून शेवटचे दोन आठवडे नवं काही सुरू करू नका. दहा वर्षांची यादी साफ झाली नसेल आणि चार वर्षांचीच झाली असेल, तर चारच वर्षं नीट बांधून द्या. सोबत तीन कागद ठेवा. एकात प्रत्येक रकान्याचा अर्थ. दुसऱ्यात तुम्ही घेतलेले निर्णय : ही दोन नावं एकच धरली, या तारखेनंतर वर्गवारी बदलली म्हणून हे वर्ष वेगळं ठेवलं, या सत्तावीस ओळी समजल्या नाहीत म्हणून तशाच सोडल्या. तिसऱ्यात पुढच्या विद्यार्थ्यानं कुठून सुरू करावं आणि कोणाला विचारावं. मूळ फाइल हात न लावता तशीच वेगळी ठेवा आणि साफ केलेल्या प्रतीच्या नावात तारीख घाला. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवी’, ‘खरोखर अंतिम’ अशा नावांच्या फायली तुम्हालाही वारशात मिळाल्या असतीलच.